ईश्वराची सत्ता आणि माणसाचें राज्य

माणूस चांगला व्हावा असें वाटणें हा सज्जनाचा स्वभाव आहे. परंतु त्याला चांगलें करण्यासाठीं राजदंड हातीं घ्यावा कीं नाहीं, हा प्रश्न निघाला म्हणजे सज्जनांतही फूट पडते. नुसत्या उपदेशानें कांहीं होत नाहीं, कायद्याचा धाक पाहिजे, असें एक पक्ष म्हणतो. भीतीनें पाळलेला सदाचार हा सदाचारच नव्हे, तो केवळ बंदोबस्त झाला, असें दुसरा म्हणतो. लॉक व मिल यांच्या ग्रंथांवरून हा वाद वर्गांत शिकवितांना तो फार स्वच्छ वाटतो. कारण त्यांत रक्तामांसाचा माणूस कोठें दिसत नाहीं. विसाव्या शतकांत ज्यानें हा प्रश्न सगळें आयुष्य पणास लावून सोडवूं पाहिला आणि पहिल्या पक्षाची बाजू अगदीं शेवटच्या टोंकापर्यंत नेली, असा एक पुरुष आपल्या मराठवाड्यांत जन्मला होता. मौलाना सय्यद अबुल आला मौदूदी हें त्यांचें नांव. मराठी वाचकांना हें नांव बहुधा वर्तमानपत्रांतून, आणि तेंही भयाच्या किंवा संतापाच्या प्रसंगीं, ऐकूं आलेलें असतें. त्यांचा विचार मुळांतून समजून घेण्याचे कष्ट आपण फारसे घेतलेले नाहींत. ज्याच्याशीं वाद करावयाचा त्याचा पूर्वपक्ष आधीं चोख मांडावा, ही आपल्या शास्त्रकारांची शिस्त होती. येथें ती पाळण्याचा यत्न करतों.

मौदूदींचा जन्म २५ सप्टेंबर १९०३ रोजीं औरंगाबादेस झाला. हें शहर तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें; आज त्याचें नांव छत्रपती संभाजीनगर आहे. घराणें चिश्ती सूफींच्या परंपरेंतलें. मौदूदी हें उपनांवच ख्वाजा कुत्बुद्दीन मौदूद चिश्ती या पूर्वजापासून आलेलें. शहरापासून थोड्याच कोसांवर खुलदाबाद आहे. तेथें बुऱ्हाणुद्दीन गरीब या चिश्ती संताची कबर आहे आणि औरंगजेब बादशहाचीही आहे. फकीर आणि बादशहा जेथें शेजारीं शेजारीं निजले आहेत, त्या मुलुखांत वाढलेल्या मुलानें पुढें दर्ग्याकडे पाठ फिरवून राज्याचाच विचार जन्मभर करावा, यांत एखाद्याला विधिलिखित दिसेल. मला इतकेंच दिसतें कीं, दोन्ही वाटा त्याच्या डोळ्यांसमोर होत्या.

वडील अहमद हसन हे वकील होते. त्यांनीं अलीगडला कांहीं काळ शिक्षण घेतलें होतें, परंतु तेथील साहेबी वळण घरच्यांना रुचलें नाहीं व त्यांना परत बोलावण्यांत आलें. पुढें त्यांच्या मनानें विरक्तीची वाट धरली व वकिलीही मागें पडली. मुलाला इंग्रजी वारा लागूं नये म्हणून त्यांनीं त्याला बरीच वर्षें घरींच शिकविलें. पण घरीं ठेवलेल्या मुलाची बुद्धि घरीं राहतेच असें नाहीं. कोवळ्या वयांतच, मिसरूड फुटण्याच्या सुमारास, या मुलानें कासिम अमीन या इजिप्शियन सुधारकाच्या अरबी पुस्तकाचें उर्दू भाषांतर केलें. आणि तें पुस्तक होतें स्त्रियांच्या नव्या जीवनाचा पुरस्कार करणारें! त्याच लेखणीनें वीस-बावीस वर्षांनंतर 'पर्दा' हा ग्रंथ लिहिला व त्यांत त्या सुधारणेचें कसून खंडन केलें. मौदूदींनीं आधुनिक विचार न वाचतां नाकारला असें म्हणणाऱ्यांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी. त्यांनीं तो वाचला होता.

वडिलांच्या आजारानें आणि १९२० सालीं झालेल्या त्यांच्या मृत्यूनें शिक्षणाचा धागा तुटला, आणि पोटासाठीं पत्रकाराचा धंदा धरावा लागला. जबलपूर, दिल्ली असा प्रवास झाला. गांधीजींविषयीं आणि मालवीयजींविषयीं या तरुणानें गौरवानें लिहिलें. खिलाफतीच्या चळवळींत तो मनापासून होता. पुढें उलेमांच्या जमियतीच्या मुखपत्राचें संपादकत्व त्याच्याकडे आलें. परंतु १९२४ सालीं खुद्द तुर्कांनींच खिलाफत मोडून टाकली, आणि १९२६ च्या डिसेंबरांत दिल्लीस स्वामी श्रद्धानंदांचा खून झाला. इस्लाम हा तलवारीचा धर्म आहे अशी टीका देशभर सुरू झाली. तेवीस वर्षांच्या त्या संपादकानें १९२७ सालीं युद्ध व धर्म यांच्या संबंधावर लेखमाला सुरू केली. तिचा पुढें जाडजूड ग्रंथ झाला. उत्तर देण्यासाठीं हातीं घेतलेला विषय त्याच्या आयुष्याचा विषय होऊन बसला. तेथून तो हैदराबादेस गेला. 'तर्जुमानुल कुराण' हें मासिक त्यानें तेथें हातीं घेतलें आणि अखेरपर्यंत चालविलें. १९३८ सालीं कवि इक्बाल यांच्या आग्रहावरून ते पंजाबांत पठाणकोटनजीक राहावयास गेले; आणि २६ ऑगस्ट १९४१ रोजीं लाहोरांत पंचाहत्तर माणसांना जमवून त्यांनीं 'जमाते इस्लामी' स्थापन केली.

आतां त्यांच्या सिद्धान्ताकडे वळूं. कुराणांतील चार शब्द त्यांनीं आपल्या विचाराचे खांब केले: इलाह, रब्ब, इबादत आणि दीन. सामान्य मुसलमान या शब्दांचे अर्थ देव, पालनकर्ता, उपासना आणि धर्म असे करतो. मौदूदींचें म्हणणें असें कीं, शतकांच्या ओघांत हे अर्थ आकसून गेले. देव म्हणजे केवळ पूजनीय नव्हे, तो सत्ताधीश आहे. इबादत म्हणजे केवळ नमाज नव्हे, ती आज्ञाधारकता आहे. आणि दीन म्हणजे ज्या सत्तेखालीं माणूस जगतो ती संपूर्ण व्यवस्था. तींत न्यायालय आलें, बाजार आला, शाळा आली, विवाह आला. नमाज आणि रोजा हीं त्यांच्या मतें शिपायाच्या कवायतीसारखीं आहेत. कवायत आवश्यक खरी, पण जो शिपाई जन्मभर कवायतच करतो आणि मोहिमेला जात नाहीं, त्याला काय म्हणावें? मोहीम म्हणजे पृथ्वीवर ईश्वराची सत्ता प्रस्थापित करणें. या राज्यव्यवस्थेला त्यांनीं ईश्वरसत्ताक लोकशाही अशा अर्थाचें नांव दिलें होतें: कायदा ईश्वराचा, आणि त्याची अंमलबजावणी सर्व श्रद्धावंतांच्या संमतीनें.

हा विचार हास्यास्पद नाहीं, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. राजा, हुकूमशहा, सावकार आणि राष्ट्र यांपैकीं कोणापुढेंही माणसानें मान तुकवूं नये, कारण मान एकाच ठिकाणीं तुकवावयाची आहे, हा त्याचा गाभा आहे. आणि विसाव्या शतकांत राष्ट्राच्या नांवानें काय काय झालें हें ज्यानें पाहिलें त्याला तो अगदींच परका वाटणार नाहीं. मौदूदींनीं हा न्याय स्वकीयांनाही लावला. काँग्रेसबरोबर असलेल्या उलेमांना त्यांनीं विचारलें कीं, बहुमताच्या राज्यांत बहुसंख्यांचे रीतिरिवाजच राष्ट्राचे रीतिरिवाज होणार नाहींत कशावरून? ही शंका टाकाऊ नव्हती. तितक्याच कडकपणें त्यांनीं मुस्लिम लीगला सुनावलें कीं, मुसलमानांचें राष्ट्र आणि इस्लामचें राज्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. फाळणीनंतर लाहोरांत गेल्यावरही त्यांचा हा बाणा सुटला नाहीं. काश्मीरच्या युद्धाविषयीं त्यांनीं म्हटलें कीं, जें सरकार हिंदुस्थानाशीं उघड संबंध राखून आहे त्यानें आडून धर्मयुद्धाची चिथावणी देणें अधर्म होय. त्या वेळच्या पाकिस्तानांत असें बोलणें सोपें नव्हतें. १९४८ सालीं त्यांना अटक झाली व १९५० पर्यंत ते तुरुंगांत राहिले.

मग चुकतें कोठें? ईश्वर सत्ताधीश आहे हें क्षणभर मान्य करूं. परंतु त्याची आज्ञा ग्रंथांत आहे. ग्रंथ वाचणारा, त्याचा अर्थ लावणारा, दोन अर्थांत निवाडा करणारा आणि शेवटीं दंड उगारणारा माणूसच असतो. आपल्या कोकणांतल्या देवळांत देवाला कौल लावतात. उत्तर देवाचें म्हणून घेतलें जातें, पण तांदूळ वा फूल पाषाणाला चिकटविणारा आणि तें उजवीकडे पडलें कीं डावीकडे हें सांगणारा गुरवच असतो. गुरव प्रामाणिक असेल, बहुधा असतोही. परंतु त्याच्या निवाड्यावर अपील कोठें करावयाचें? राजाच्या कायद्याविरुद्ध 'हा अन्याय आहे' असें म्हणतां येतें. ईश्वराच्या नांवानें आलेल्या कायद्याविरुद्ध तेंच म्हणणारा पाखंडी ठरतो. म्हणजे माणसाला माणसाच्या दास्यांतून सोडविण्यासाठीं काढलेली ही युक्ति, त्याला अशा माणसाच्या हातीं देते ज्याला जाब विचारतांच येत नाहीं.

ही केवळ तर्काची शंका नाहीं. तिची परीक्षा भर न्यायासनासमोर झाली. १९५३ सालीं पंजाबांत अहमदिया पंथीयांना इस्लामबाह्य ठरवावें या मागणीसाठीं दंगली उसळल्या व लाहोरांत लष्करी कायदा पुकारावा लागला. मौदूदींनीं त्या पंथाविरुद्ध एक पुस्तिका लिहिली होती. लष्करी न्यायालयानें त्यांना फांशीची शिक्षा दिली. दयेचा अर्ज करा असें सुचविण्यांत आलें, तेव्हां त्यांनीं तो करण्याचें साफ नाकारलें. त्यांच्या मतांचा कितीही तिटकारा असो, या धैर्यापुढें मान लववावी लागते. शिक्षा पुढें जन्मठेपेची झाली आणि १९५५ सालीं ते सुटलेही. दंगलींच्या चौकशीसाठीं न्यायमूर्ति मुनीर व न्यायमूर्ति कयानी यांचें मंडळ बसलें होतें. त्यांचा १९५४ चा अहवाल हा राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यानें अवश्य वाचावा असा ग्रंथ आहे. न्यायमूर्तींनीं मोठमोठ्या उलेमांना एक साधा प्रश्न केला: मुसलमान कोणाला म्हणावें? दोन विद्वानांचें उत्तर एक झालें नाहीं. जर प्रत्येकाची व्याख्या राज्याच्या हातीं दिली तर बाकीचे सर्व धर्मबाह्य ठरतील, असें न्यायमूर्तींना नमूद करावें लागलें.

दुसरा प्रश्न अधिक खोल जाणारा होता. पाकिस्तानांत तुम्ही इस्लामचें राज्य स्थापून बिगरमुसलमानांना दुय्यम स्थान देणार. मग हिंदूंनीं आपल्या देशांत मनूच्या कायद्यानें राज्य चालवून तेथल्या मुसलमानांना म्लेंच्छ आणि शूद्र म्हणून वागविलें तर तुमची हरकत असेल काय? मौदूदींनीं उत्तर दिलें कीं, हरकत नाहीं. नागरिकत्वाचे हक्क आणि राज्यकारभारांतील वांटा काढून घेतला तरीही नाहीं.

या उत्तराचा मीं पुष्कळ विचार केला आहे. चतुर मुत्सद्दी असता तर त्यानें वाट काढली असती. मौदूदींनीं वाट काढली नाहीं, कारण त्यांच्या तर्काला दुसरी वाटच नव्हती. राज्य जर श्रद्धेचें असेल तर ज्याची ती श्रद्धा नाहीं तो त्या घरांत पाहुणा किंवा भाडेकरू. त्याला संरक्षण मिळेल, मालकी नाहीं. आणि हा नियम माझ्या घरीं खरा तर तुझ्याही घरीं खरा. असें निर्मळ उत्तर देणारा माणूस दांभिक नव्हता. परंतु भारतांत १९५१ च्या खानेसुमारीप्रमाणें सुमारें साडेतीन कोटी मुसलमान होते. त्यांच्या वतीनें शूद्रत्व पत्करण्याचा अधिकार लाहोरांतील एका पंडिताला कोणी दिला? स्वतःच्या गळ्यांतला फांस ज्यानें ताठ मानेनें पत्करला, त्यानें दुसऱ्यांच्या गळ्यांतलाही तितक्याच सहजतेनें पत्करावा, यांतच या विचारसरणीचें नैतिक वैगुण्य उघडें पडतें. त्याग स्वतःचा करावयाचा असतो.

मनूचा कायदा म्हणजे काय हें महाराष्ट्राला पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. ज्या १९२७ सालीं तरुण मौदूदी दिल्लींत आपली लेखमाला लिहीत होते, त्याच वर्षीं २५ डिसेंबरला महाडच्या सत्याग्रह परिषदेंत डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं मनुस्मृतीचें दहन झालें. दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे जन्मानें ब्राह्मण होते. त्या कायद्यांत ज्यांना वरचें स्थान होतें त्यांपैकीं एकानें तो नाकारावा, यांत जें आहे तें मौदूदींच्या उत्तरांत मला कोठें सांपडत नाहीं. येथें एक गोष्ट आपल्याच लोकांना सांगावीशी वाटते. मौदूदींचें तें उत्तर पुढें करून 'पाहा, हे असे!' म्हणणारे आपल्यांत पुष्कळ आहेत. त्यांनीं उत्तराबरोबर प्रश्नही पुन्हां वाचावा. त्या प्रश्नांत ज्या राज्याची कल्पना केली होती तें आपल्याला हवें आहे काय, याचें उत्तर त्यांनीं आपल्या मनाशीं द्यावें.

मौदूदींच्या विचारांत आणखी एक गांठ आहे, आणि ती त्यांच्या स्वतःच्याच लिखाणांत दिसते. चोराचा हात तोडावा किंवा व्यभिचाऱ्याला फटके मारावे या शिक्षा त्यांनीं कधींही नाकारल्या नाहींत. परंतु जो समाज अजून न्यायी झालेला नाहीं, जेथें दारिद्र्य आणि मोह माजलेले आहेत, तेथें त्या शिक्षा देणें जुलूम होईल, असेंही त्यांनीं लिहून ठेविलें. आधीं समाज शुद्ध झाला पाहिजे, मग कायदा. आतां समाज शुद्ध कशानें व्हावयाचा? राज्य हातीं आल्याशिवाय तो शुद्ध होणार नाहीं म्हणूनच तर राज्याची मोहीम! म्हणजे सद्गुणासाठीं सत्ता पाहिजे, आणि सत्ता वापरण्याचा हक्क येण्यासाठीं आधीं सद्गुण पाहिजे. तर्कशास्त्रांत याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. हा दोष कागदावर राहिला नाहीं. १९५७ सालीं माछी गोठ येथें जमातेची बैठक भरली, तेव्हां याच प्रश्नावर तिचे दोन तुकडे होण्याची वेळ आली. आधीं माणसें घडवूं म्हणणारा एक पक्ष आणि आधीं निवडणुका लढवूं म्हणणारा दुसरा. 'आधीं सामाजिक कीं आधीं राजकीय' या वादांत महाराष्ट्राची एक पिढी खर्ची पडली, त्यामुळें आपल्याला हें भांडण ओळखीचें वाटेल. मौदूदी निवडणुकीच्या बाजूस झुकले. अमीन अहसन इस्लाही यांच्यासारखे जुने विद्वान सोबती त्यांना सोडून गेले. त्यानंतर तडजोडींना अंत राहिला नाहीं. स्त्रीनें राज्यप्रमुख होऊं नये असें ज्यांचें मत, त्यांनीं १९६५ च्या निवडणुकींत अयूबखानांविरुद्ध फातिमा जिना यांना पाठिंबा दिला. १९७० सालीं राष्ट्रीय सभेंत जमातेला चारच जागा मिळाल्या. १९७१ सालीं पूर्व बंगालांत तिचे लोक लष्कराच्या बाजूनें उभे राहिले आणि मुसलमानांच्याच कत्तलींत भागीदार झाले.

१९७९ च्या फेब्रुवारींत जनरल झिया यांनीं शिक्षांचे ते कायदे फर्मानानें जारी केले. समाज न्यायी झाला आहे कीं नाहीं याची विचारपूस कोणी केली नाहीं. १९८३ सालीं एका अंध तरुणीवर बलात्कार झाला. तिची गर्भावस्था हाच तिच्या व्यभिचाराचा पुरावा मानून कनिष्ठ न्यायालयानें तिलाच शिक्षा ठोठावली. देशांत आणि परदेशांत ओरड झाल्यावर ती वरच्या न्यायालयांतून सुटली. कायद्यांत महत्त्वाची दुरुस्ती व्हावयास २००६ साल उजाडावें लागलें. हें पाहावयास मौदूदी राहिले नव्हते. २२ सप्टेंबर १९७९ रोजीं अमेरिकेंत बफेलो येथें, डॉक्टर मुलाकडे उपचारासाठीं गेले असतां, त्यांचा अंत झाला. आपल्या हयातींत त्यांनीं झियांना विरोध केला नाहीं, एवढें मात्र नमूद केलें पाहिजे.

त्यांच्यावरची सर्वांत मर्मग्राही टीका त्यांच्याच घरांतून आली. आझमगडचे मौलाना वहीदुद्दीन खान हे बरींच वर्षें जमातेंत होते. त्यांनीं १९६२ सालीं ती सोडली आणि पुढल्याच वर्षीं 'ताबीर की गलती', म्हणजे अर्थ लावण्यांतली चूक, हें पुस्तक प्रसिद्ध केलें. राजकारण हा धर्माच्या अनेक अंगांपैकीं एक खरा, पण त्या एकाच अंगाला मौदूदींनीं सबंध शरीर केलें, असा त्यांचा आक्षेप. धर्माचें केंद्र माणूस आणि ईश्वर यांच्यांतील नात्यांत आहे. तें तेथून हलविलें कीं प्रत्येक प्रार्थना कशाची तरी पूर्वतयारी होऊन बसते. मला हा आक्षेप पाश्चात्त्य उदारमतवाद्यांच्या आक्षेपांपेक्षां अधिक वजनदार वाटतो. मिलला भक्ताच्या स्वातंत्र्याची काळजी आहे. वहीदुद्दीनांना भक्तीची आहे.

याच संदर्भांत कुराणांतील यूसुफाची कथा आठवते. आज्ञा करण्याचा अधिकार ईश्वराचाच, या अर्थाच्या ज्या वचनावर मौदूदींची सगळी इमारत उभी आहे, तें वचन यूसुफाच्या तोंडीं आहे. आणि तें उच्चारतांना तो बंदिवान आहे. सोबतच्या दोन कैद्यांना तो तें सांगतो. पुढें सुटल्यावर तो काय करतो? परधर्मी मिसरच्या राजाच्या पदरीं राहून कोठारें सांभाळतो आणि दुष्काळांत लोकांना धान्य पुरवितो. मौदूदींनीं सहा खंडांच्या आपल्या भाष्यांत, जें त्यांनीं १९४२ पासून १९७२ पर्यंत तीस वर्षें लिहिलें, या अडचणीवर असा तोडगा काढला कीं, यूसुफानें नोकरी पत्करली नव्हती, त्यानें संपूर्ण सत्ताच मागून घेतली होती. भाष्यकाराची बुद्धि विलक्षण, यांत शंका नाहीं. परंतु कथा साधेपणानें वाचणाऱ्याला तुरुंगांतला तो मनुष्य आणि धान्याचा तो कारभारी हेच दिसतात.

आणि यूसुफाची ती स्थिति हिंदुस्थानांत राहिलेल्या मौदूदींच्या अनुयायांच्या वांट्यास अक्षरशः आली. १९४८ सालीं त्यांची जमात पाकिस्तानांतल्या जमातेपासून वेगळी झाली. मनुष्यनिर्मित संविधानाखालीं होणाऱ्या निवडणुकींत मत देण्यासही प्रारंभीं सभासदांना मनाई होती. ती पुढें हळूहळू सैल होत गेली, आणि ज्या धर्मनिरपेक्षतेला गुरूनें आधुनिक अज्ञानयुगाचें लक्षण म्हटलें होतें तिच्याच रक्षणाची भाषा शिष्य बोलूं लागले. पाकिस्तानांत अयूबखानांनीं १९६४ सालीं जमातेवर बंदी घालून मौदूदींना तुरुंगांत टाकलें होतें, तेव्हां ती बंदी तेथल्या सर्वोच्च न्यायालयानें रद्द केली होती. भारतांतही १९७५ च्या आणीबाणींत आणि पुन्हां १९९२ सालीं जमातेवर बंदी आली. दुसऱ्या वेळीं तिच्या लोकांनीं दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली. त्या न्यायालयानें पुराव्याची छाननी केली, सरकारची बाजू अपुरी ठरविली आणि बंदी उठविली.